आडिटाच्या खुर्च्या

वडिवळ्याच्या नंदाबाईंना जन्मात कधी धड बसायला मिळालं नाही. लहानपणी धाकटी भावंडं कडेवर, लग्न झाल्यावर धरणाखालच्या खाचरात कमरेतून वाकून भाताची लावणी, आणि आता पन्नाशी दिसायला लागल्यावर वराळ्याच्या शर्टाच्या कंपनीत दिवसभर उभ्याने धागे कापायचे. "आदी वाकले, मंग उभी ऱ्हायले. बसायचं तेवढं द्यायला देव इसरला," असं त्या म्हणायच्या. म्हणताना खदाखदा हसायच्या, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटायचं, चला, बाई मजेत आहे. हसणाऱ्या बाईचा गुडघा दुखतो यावर आपल्याकडे कुणाचा विश्वास बसत नाही.

गुडघा उजवा. संध्याकाळी कंपनीच्या गाडीतून कामशेतच्या फाट्यावर उतरताना त्या दांडीला धरून आधी डावा पाय खाली सोडायच्या आणि मग उजव्या पायाची मनधरणी करायच्या. मागच्या बाया खोळंबायच्या, पण कुणी बोलायचं नाही, कारण ज्याचं जळतं त्याला कळतं आणि तिथे सगळ्यांचंच जळत होतं.

आता धागे कापायचे म्हणजे काय, तर शर्ट शिवून झाला की शिवणींच्या टोकांना दोरे लोंबत राहतात. ते बारक्या कात्रीने कापायचे, शर्ट उलटा-सुलटा करून बघायचा आणि पुढे इस्त्रीला ढकलायचा. लांबलचक टेबल, दोन्ही अंगांना बाया, सगळ्या उभ्या. इस्त्री झालेला शर्ट खोक्यात जायचा, खोकं परदेशात जायचं, आणि तिथला कुणी भला माणूस तो घालून खुर्चीत बसायचा.

कंपनीचं नाव हरितधागा. नावापासून गेटच्या रंगापर्यंत सगळं हिरवं. शर्टाच्या कॉलरला एक खाकी पुठ्ठा लटकायचा, त्यावर हिरवं पान आणि इंग्रजीत दोन ओळी. एकदा नंदाबाईंनी टाकाऊतला एक पुठ्ठा पदराला बांधून घरी आणला. त्यांची मुलगी कोमल तळेगावच्या कॉलेजात शिकते, तिने वाचून दाखवलं: हा शर्ट बनवताना माणसाचा मान आणि धरणीचा प्राण जपला आहे.

नंदाबाईंचे यजमान सोपानराव ओट्यावर तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "धरणीचा प्राण ऱ्हाऊ दे. गुडघ्याचं काय लिवलंय का बघ खाली."

खाली शर्ट धुण्याच्या सूचना होत्या. थंड पाण्यात, हलक्या हाताने, पिळू नये.

"शर्ट व्हायला पायजे व्हतं मी," नंदाबाई म्हणाल्या.

खुर्ची त्यांनी पहिल्यांदा मागितली ती सुपरवायझर कैलासकडे. कैलास म्हणाला, "मावशी, बसलं की माणूस पेंगतं. टार्गेट कोण काढणार?" एवढं बोलून तो स्वतःच्या खुर्चीत जाऊन बसला आणि मोबाइल बघायला लागला. त्याला पेंग येत नव्हती हे मान्य केलं पाहिजे.

मग आले शौनक साहेब. तळेगाव स्टेशनाकडे राहणारा, शिकलेला, बोलायला लोण्यासारखा मऊ मुलगा. त्याच्या दारावरची पाटी वाचताना धाप लागायची: शाश्वतता, अनुपालन आणि कर्मचारी आनंद विभाग. बाया त्याला आनंद साहेब म्हणायच्या. त्याला वाटायचं, मायेने म्हणतात.

नंदाबाईंनी त्याच्याकडेही खुर्ची मागितली. त्याने मान तिरकी करून सगळं ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाला, "मावशी, मी तुमची भावना नोंदवून घेतो." भावना नोंदवली गेली. खुर्ची काही आली नाही.

वैशाखात आडिट लागलं. म्हणजे शर्ट विकत घेणाऱ्या परदेशी कंपनीची एक बाई आणि पुण्याची एक तपासनीस बाई अशा दोघी जणी बघायला येणार होत्या, की माणसाचा मान आणि धरणीचा प्राण खरोखर जपला जातोय की नुसताच पुठ्ठ्यावर आहे. आणि येणार कधी, ते त्यांनी पंधरवडाभर आधी कळवलं होतं. चोर धरायला निघालेल्या फौजदाराने चोराला फोन करून "घरी आहेस ना रे?" विचारावं, त्यातली ही तऱ्हा.

झालं. कंपनीत सडा-रांगोळी काय ती करायची बाकी राहिली. संडासात साबण आला. आग लागली तर पळायचं म्हणून मागे एक दार होतं, त्याला बारा महिने खोकी लावून वर कुलूप असायचं. ती खोकी हलली, कुलूप निघालं, आणि झुंबरबाई नावाच्या एका जुन्या बाईने तोंडात बोट घातलं. "आगं बया, हितं दार हाय व्हय? मी भिंतच समजत व्हते इतकी वर्सं." कैलास बायांना "ए" म्हणायचा, तो "ताई" म्हणायला लागला. ते इतकं वाईट वाटायचं कानाला की बाया म्हणाल्या, बाबा, तू आपला ए म्हण.

मग सुरू झाली उत्तरांची तालीम. पाहुण्या काय विचारतील आणि बायांनी काय सांगायचं, ते शौनक साहेब जेवणाच्या सुट्टीत घोकवून घ्यायचा. बाया बिचाऱ्या मनापासून शिकायच्या, पण ऐन वेळी तोंडातून भलतंच निघायचं.

"तुम्हाला जबरदस्तीने जादा वेळ थांबवतात का?" साहेबाने झुंबरबाईंना विचारलं.

"व्हय," झुंबरबाई म्हणाल्या, "पन तसं सांगायचं न्हाई आसं ठरलंय ना आपलं?"

साहेबाने कपाळ धरलं. त्याचं एक साधं दुःख होतं. आडिट फसलं असतं, तर आनंद विभागातून सगळ्यात आधी तोच गेला असता.

नंदाबाईंना त्याची दया आली आणि त्याच क्षणी डोक्यात एक गोष्ट चमकली. वडिवळ्यातल्या बायांचं भजनी मंडळ त्या चालवतात. न लिहिता न वाचता बाया शंभर-शंभर ओळी पाठ म्हणतात, ते काय उगाच? त्या पुढे झाल्या. "साहेब, सुटं सुटं ध्यानात ऱ्हात न्हाई. चाल लावाया पायजे. चाल लावली की मुकं बी म्हणतंय. मी बसवते. पन एक अट हाय. त्यात खुर्चीचं कडवं पायजे."

"खुर्चीचं?"

"व्हय. आमाला बसाया खुर्ची मिळती, आसं. आन मंग खुर्च्या आणा."

शौनक साहेबाने विचार केला. आडिटाच्या दिवशी बायांच्या खाली काहीतरी दिसायला हवंच होतं. "आणतो मावशी," तो म्हणाला. "शब्द देतो."

त्याने शब्द दिला एका दिवसाचा आणि नंदाबाईंनी घेतला जन्माचा. तरी त्यांनी त्याला सावध केलं होतं, हे इथे सांगितलं पाहिजे. "साहेब, टाळ वाजवून म्हणलेलं आमच्यात खोटं हुत न्हाई. म्हणलं की खरं करावं लागतं. झुंबरबाईच्या सासऱ्यानं भजनात बोलता बोलता देवळाला घंटा कबूल केलती. म्हातारा गेला, पन पोरांनी घंटा बांधली तवाच त्याच्या दहाव्याला कावळा शिवला."

"फारच सुंदर परंपरा," साहेब म्हणाला. त्याने लगेच मोबाइलमध्ये टिपून घेतलं: कामाच्या ठिकाणी स्थानिक संस्कृतीचा सन्मान.

दुसऱ्या दिवशी नंदाबाई डब्याच्या पिशवीतून टाळ घेऊन आल्या. जेवण झालं की टेबलाच्या दोन बाजूंना दोन रांगा, मधे नंदाबाई, आणि सुरू:

पाणी मिळे गार गार । उघडे मागचे दार ।
साहेब बोले हळुवार । आमच्या कंपनीत ॥
ज्याला वाटे त्याने जावे । ज्याला वाटे त्याने राहावे ।
कोणी कोणा ना दटवावे । आमच्या कंपनीत ॥
बसायाला मिळे खुर्ची । नाही रीत ही वरची ।
काळजी आमच्या गुडघ्याची । आमच्या कंपनीत ॥

बाया अशा रंगून म्हणायच्या की कैलाससुद्धा मान डोलवायचा. खुर्चीचं कडवं आलं की आवाज आपोआप चढायचा. आणि गंमत अशी की रोज म्हणता म्हणता ते बायांना खरंच वाटायला लागलं. लोक खोटं शिकवतात, पण शिकणारा त्यावर विश्वास ठेवेल याची तयारी करून ठेवत नाहीत.

राहता राहिल्या खुर्च्या. खुर्च्या आणायच्या म्हणजे विकत आणायच्या, हा पापी विचार कंपनीत कुणाच्या मनाला शिवला नाही. त्यांनी सांगितलं कामशेतच्या पप्पूला. पप्पू मंडपवाला. कामशेतच्या आसपास लग्न असो, साखरपुडा असो, बारसं, दहावा किंवा पुढाऱ्याची सभा, माणसाच्या खाली पप्पूचीच खुर्ची असते. पाठीवर रंगाने नाव लिहिलेलं, त्यामुळे चोरीला गेली तरी गावभर ओळख पटते. हा पप्पू नंदाबाईंच्या सख्ख्या भावाचा मुलगा.

टेम्पोतून खुर्च्या उतरल्या तेव्हा पाठीवरचं नाव बघून शौनक साहेब दोन्ही हात पसरून आडवा आला. पप्पू म्हणाला, "काळजी करू नगा. कव्हर हायेत ना." आणि त्याने प्रत्येक खुर्चीला लग्नातलं पांढरंशुभ्र साटीनचं कव्हर चढवलं, मागे सोनेरी फुलं बांधली. दोरे कापायचं टेबल नवरी-नवरदेवाच्या पंगतीसारखं दिसायला लागलं.

टेम्पोत अजून एक गुंडाळी होती. कंपनीच्या मागे चिंध्या जाळायची जागा होती, जमीन पार कोळशासारखी झालेली. त्यावर पप्पूने स्टेजपुढे अंथरायची प्लास्टिकची हिरवळ अंथरली आणि कडेने कागदी फुलांच्या कुंड्या ठेवल्या. धरणीचा प्राण जपून झाला.

पण म्हणतात ना, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. पुण्याच्या बाई परदेशी बाईला आणायला मुंबईला गेल्या, तिथून दोघी निघाल्या आणि वाटेत लोणावळ्याला मुक्कामाला उतरल्या. सकाळी म्हणे दरी बघायला गेल्या. सुट्टीचे दिवस, सगळी मुंबई तिथे चिक्की आणि भजी खायला लोटलेली. त्यांची गाडी घाटरस्त्याच्या गर्दीत अशी अडकली की पुढेही जाईना आणि मागेही येईना. इकडे वराळ्यात मिनिटा-मिनिटाला "आल्या, आल्या" अशी आवई उठत होती, त्यामुळे कैलासची बायांना उठवायची छाती होईना. दुपार टळल्यावर फोन आला, आडिट उद्या.

आणि अशा रीतीने नंदाबाई अख्खा दिवस बसल्या.

टेबल उभ्याच्या मापाचं, खुर्चीतून हनुवटीला लागायचं. पण त्यांनी घटकाभरात तोड काढली. शर्ट मांडीवर घेतला आणि तांदूळ निवडावा तसे धागे निवडून कापायला लागल्या. बाकीच्यांनी तेच केलं. कुणी पेंगलं नाही. संध्याकाळी कैलासने ढीग बघितला आणि पुन्हा बघितला, कारण ढीग रोजच्याहून थोरला होता.

कामशेतच्या फाट्यावर नंदाबाई दांडी न धरता उतरल्या. घरी आल्या, चूल-भांडी केली आणि सोपानरावांपुढे येऊन उभ्या राहिल्या. "आवो, आज मी दिसभर बसले." एवढंच म्हणायचं होतं, पण म्हणताना त्यांना रडू आलं. इतक्या वर्षांत गुडघा ठणकला तेव्हा त्या रडल्या नव्हत्या, आणि आता दुखायचा थांबला तर रडत होत्या. सोपानराव गडबडले. त्यांनी गुपचूप कोनाड्यातलं तेल आणलं आणि गरज नसताना गुडघ्याला चोळून दिलं.

दुसऱ्या दिवशी पाहुण्या आल्या. पुण्याच्या तपासनीस बाईंचं नाव आसावरी, साध्या सुती कुडत्यात, कमी बोलणाऱ्या. परदेशी बाई मात्र उंच, गोरीपान, गळ्यात हिरवा स्कार्फ आणि डोळ्यांत जगाविषयी अपार करुणा. मागची हिरवळ बघून तर ती विरघळलीच. धरणीचा स्पर्श घ्यावा म्हणून तिने चपला काढल्या आणि अनवाणी फिरली. परत आली तेव्हा तळपाय काळेकुळकुळीत. हिरवळीच्या भोकांतून राख वर आली होती.

"मावळची काळी माती," शौनक साहेब म्हणाला. "फार सुपीक."

परदेशी बाईने भक्तिभावाने मान डोलावली. आसावरीबाईंनी वाकून हिरवळीचं एक पातं दोन बोटांत धरून पाहिलं.

इकडे कामशेतला पप्पूच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आडिट सरकलं, पण लग्न थोडंच सरकतं? संध्याकाळचा गोरज मुहूर्त होता, पाहुणे दुपारपासून येणार होते, आणि पप्पूच्या निम्म्या खुर्च्या वराळ्यात नटून बसल्या होत्या. तो साहेबाला फोन करून थकला. साहेबाने आडिटापायी फोन बंद ठेवला होता. शेवटी टेम्पो घेऊन तो कंपनीच्या गेटवर आला. वॉचमनने अडवलं. पप्पूने कुंपणाला वळसा घातला, हिरवळीवरून आला आणि बघतो तर काय, मागचं दार सताड उघडं. आडिटासाठीच उघडलेलं.

आत त्याच वेळी आसावरीबाई नंदाबाईंपुढे उभ्या होत्या. "मावशी, तुम्हाला कामाच्या जागी बसायला मिळतं का?"

आता हे होतं तिसरं कडवं. आणि चालीवर पाठ केलेलं मधूनच निघत नाही, हे ज्याने कधी भजन म्हटलंय त्याला ठाऊक आहे. नंदाबाईंनी डोळे मिटले, मनातल्या मनात तिसरं कडवं शोधलं, सापडेना. शेवटी त्यांनी मांडीवरचा शर्ट बाजूला ठेवला, पिशवीतून टाळ काढले आणि पहिल्यापासून धरलं. "पाणी मिळे गार गार..."

एक बाई गायला लागल्यावर बाकीच्या गप्प कशा राहतील? सगळं टेबल सूर धरून गायला लागलं. परदेशी बाईने छातीवर हात ठेवला आणि फोनवर चित्रण सुरू केलं. शौनक साहेबाचा चेहरा हसावं की पळावं अशा बेतात होता. "बसायाला मिळे खुर्ची" या ओळीवर बाया पोचल्या, आणि मागच्या दारातून पप्पू आत आला.

"आत्या, ऊठ गं," तो म्हणाला. "तिकडं नवरदेवाकडची मंडळी उभी हायेत. बाया हो, उठा, लय उशीर झालाय." आणि त्याने रिकाम्या पडलेल्या एका खुर्चीचं कव्हर ओढून काढलं. कव्हर निघालं आणि पाठीवरची अक्षरं सगळ्यांना दिसली: पप्पू मंडप डेकोरेटर्स, कामशेत. लग्न, बारसे, दशक्रिया.

टाळ थांबले.

"हे... आमचे स्थानिक पुरवठादार," शौनक साहेब म्हणाला.

"व्हय," पप्पू म्हणाला, "आन कालच्याच दिसाचं ठरलं व्हतं."

आसावरीबाईंनी खुर्चीकडे पाहिलं, साहेबाकडे पाहिलं आणि पुन्हा नंदाबाईंकडे वळल्या. आवाज खाली आणून विचारलं, "मावशी, गाणं राहू द्या. खरं सांगा. रोज असते खुर्ची?"

नंदाबाईंनी टाळ मांडीवर ठेवले. नाही म्हणावं, तर काय होतं ते त्यांनी ऐकलं होतं. पलीकडच्या एका कंपनीत बायांनी असंच खरं सांगितलं. परदेशी कंपनीला फार वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं की तिने तिथलं सगळं काम काढून दुसऱ्या देशात नेलं आणि बाया घरी बसल्या. त्यांच्या हक्कांची काळजी अशी वाहिली गेली. बरं, होय म्हणावं, तर खुर्च्या आता टेम्पोत चढतील आणि पुन्हा पुढच्या आडिटाला उतरतील. इकडे आड, तिकडे विहीर. सगळ्या बाया त्यांच्याकडे बघत होत्या. साहेबही बघत होता, आणि त्याचे डोळे लहान लेकराचे झाले होते.

"काल व्हती," नंदाबाई म्हणाल्या. "आज हाय. आन उद्यापासून रोज आसणार. साहेबांनी शब्द दिलाय, आन आमी टाळावर म्हणलंय. म्हणलेलं खरं करावं लागतं."

मग त्या खुर्चीचा हात धरून उठल्या. "पप्पू, ने बाबा खुर्च्या. पोरीच्या बापाला खाली बघायला लागाया नगं. उठा गं बायांनो."

बाया उठल्या. पप्पूने आणि त्याच्या गड्याने बघता बघता खुर्च्यांची चळत लावली आणि टेम्पो गेला. टेबलापाशी बाया पुन्हा उभ्या. कैलासला हायसं वाटलं. जुनी सवय वर आली आणि तो टाळ्या वाजवून म्हणाला, "चला ए, कामाला लागा."

नंदाबाईंनी कात्री उचलली. शर्ट उचलला. एका जागी उभ्या राहून पाहिलं, आणि कालचा एक दिवस बसलेला गुडघा साफ नाही म्हणाला. एकदा बसलेल्या माणसाला पुन्हा उभं करणं सोपं नसतं. त्यांनी मागे वळून बघितलं. भिंतीला लागून तयार शर्टांची खोकी होती, पट्टी मारलेली, हिरवं पान छापलेली, आज रात्री जहाजाच्या वाटेला लागायची. नंदाबाई दोन पावलं मागे सरल्या आणि एका खोक्यावर बसल्या. खोकं करकरलं आणि मधे दबलं. त्यांनी शर्ट मांडीवर घेतला आणि दोरे कापायला लागल्या.

झुंबरबाई शेजारच्या खोक्यावर बसल्या. मग तिसरी, चौथी, आणि हां हां म्हणता सगळी लाइन बसली.

तेव्हा परदेशी बाई किंचाळली. सकाळपासून गोड हसणारी, तळपाय काळे झाले तरी मातीला नमस्कार करणारी, लग्नाच्या खुर्च्या डोळ्यांदेखत उचलून नेल्या तरी "किती रंगीत" म्हणणारी ती बाई दोन्ही हात हलवत धावत आली. इंग्रजीत काय म्हणत होती ते कुणाला कळलं नाही, पण आवाज मात्र पोटातला होता.

"काय म्हणत्यात?" नंदाबाईंनी विचारलं.

आसावरीबाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. "त्या म्हणतात, खोक्यांवर बसू नका. शर्टांना सुरकुत्या पडतील."

"मंग कशावर बसू? इचारा त्यास्नी."

आसावरीबाईंनी विचारलं. एक अक्षर इकडचं तिकडे न करता विचारलं. परदेशी बाईने शौनक साहेबाकडे बघितलं आणि त्याला जे काही सुनावलं, त्याचा अर्थ सांगायला दुभाष्या लागला नाही. साहेब धावत सुटला. बाया उठल्या नाहीत. चहा आला तो खोक्यांवरच प्यायल्या.

दिवस कलायच्या आत तळेगावहून टेम्पो आला. उंच पायांची स्टुलं, टेबलाच्या मापाची, मागे टेकायला पाठ आणि वर अजून प्लास्टिक गुंडाळलेलं. विकत आणलेली. कुणाचं नाव नाही, बारशाचं नाही की दहाव्याचं नाही. जो विचार इतकी वर्षं कुणाला शिवला नाही, तो एका दुपारीत कंपनीभर शिवून झाला.

निघताना आसावरीबाई नंदाबाईंपाशी थांबल्या. "मावशी, बायांच्या पायांबद्दल मी किती कारखान्यांत लिहिलं. लिहिते, आणि ते वाचून लोक 'खेद वाटला' असं कळवतात. आज पहिल्यांदा लिहिणार आहे की बसायला जागा नसल्यामुळे मालाचं नुकसान होतं." त्या हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं. "हे मला आधी सुचायला हवं होतं."

घरी सोपानरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी शेवटी दया आली म्हन की त्यास्नी, तुज्या गुडघ्याची."

"गुडघा कुनाला दिसतोय?" नंदाबाई म्हणाल्या. "त्यास्नी शर्टाची इस्त्री दिसती. म्हणून तिच्यावर बसले." या वेळी त्या हसल्या नाहीत, आणि सोपानरावांनाही हसू आलं नाही.

आता वराळ्यात बाया बसून धागे कापतात. शर्टाला लटकणाऱ्या पुठ्ठ्यावर हिरव्या पानाखाली एक नवी ओळ आली आहे, की हा शर्ट आरामात बसलेल्या हातांनी घडवला आहे. मधे एका स्टुलाचा पाय मोडला. कैलास म्हणाला, बघू, पुढच्या महिन्यात. झुंबरबाईंनी काही वाद घातला नाही, फक्त मान वळवून तयार खोक्यांकडे एकदा शांतपणे पाहिलं. जेवणाच्या सुट्टीआधी नवं स्टूल आलं.

मागच्या दाराला मात्र आडिटाच्या दुसऱ्याच दिवशी पुन्हा कुलूप लागलं आणि वर खोकी रचली गेली. शौनक साहेबाला वाटलं, एवढ्या धांदलीत कुणाच्या ध्यानात आलं नसेल. पण परवा जेवणाच्या सुट्टीत नंदाबाईंनी डबा बाजूला सारला, पिशवीतून टाळ काढले आणि बायांना म्हणाल्या, "पयलं कडवं धरा गं. दाराचं ऱ्हायलंय."